जंतू गिळणं आणि मेलेली पेशी गिळणं

मॅक्रोफेज ही महाभक्षी पेशी जिवाणू गिळते आणि आपल्याच शरीरातल्या मेलेल्या पेशीही गिळते. दोन्हींना सरसकट फॅगोसायटोसिस म्हटलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. दुसऱ्या कामाला एफेरोसायटोसिस असं स्वतंत्र नाव आहे. ते ज्या लॅटिन क्रियापदावरून आलं त्याचा अर्थ प्रेत उचलून नेणं, म्हणजे आपल्याकडचं खांदा देणं.

या कामाचा व्याप प्रचंड आहे. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. सेकंदाला सुमारे 20 लाख जुन्या तांबड्या पेशी निवृत्त होतात आणि त्यातल्या बहुतेक प्लीहा व यकृतातल्या मॅक्रोफेजच्या पोटात जातात. छातीतल्या थायमस ग्रंथीत घडणाऱ्या टी-पेशींपैकी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) बहुतांश तिथेच मरतात, तरी सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी फार थोड्या दिसतात. उचल इतकी तत्पर असते.

ओळख पटवण्यापासूनच वाटा वेगळ्या होतात. जिवाणूच्या आवरणातले परके रेणू मॅक्रोफेजच्या टोल-लाइक रिसेप्टर या ओळख पटवणाऱ्या प्रथिनांना कळतात आणि धोक्याची घंटा वाजते. अँटीबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनसंचातला सी3बी चिकटला की जिवाणू पकडणं सोपं जातं. मरणारी पेशी मात्र स्वतःच निरोप धाडते. ती एटीपीसारखे रेणू बाहेर सोडते, त्यांच्या मागावर मॅक्रोफेज येते. मग खरी खूण दिसते: फॉस्फॅटिडिलसेरीन. जिवंत पेशीत हा स्निग्ध रेणू पटलाच्या आतल्या थरात राहतो, कारण फ्लिपेज हे प्रथिन त्याला सतत आत ढकलतं. मृत्यूचा कार्यक्रम सुरू झाला की कॅस्पेज विकरं फ्लिपेज तोडतात, दोन थरांची सरमिसळ करणारं स्क्रॅम्बलेज चालू करतात आणि फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येतं. मॅक्रोफेजवरचं टिम-4 हे ग्राही प्रथिन ते थेट धरतं. मरटीके या दुसऱ्या ग्राही प्रथिनाला मध्ये गॅस6 सारखं दुव्याचं प्रथिन लागतं.

गिळल्यानंतरचा फरक तर सर्वांत महत्त्वाचा. जिवाणू आत गेला की एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर त्याच्यावर तीव्र ऑक्सिडंटचा मारा करतं, टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-1 हे संदेशरेणू बाहेर पडतात, दाह वाढतो, ताप येतो. मेलेली पेशी आत गेली की तीच मॅक्रोफेज टीजीएफ-बीटा आणि इंटरल्यूकिन-10 हे संदेशरेणू सोडून दाह शमवते. डीएनएज-2 हे विकर गिळलेल्या पेशीतून आलेला डीएनए चिरतं. जादा कोलेस्टेरॉल एबीसीए1 या पटलावरच्या वाहक प्रथिनावाटे बाहेर काढलं जातं.

बिघाडही वेगवेगळे. पहिल्या कामात ऑक्सिडेज जन्मतः निकामी असेल, तर जंतू गिळला जातो पण मरत नाही. अशा मुलांना स्टॅफिलोकोकस आणि अ‍ॅस्परजिलसचे संसर्ग पुन्हापुन्हा होतात. दुसऱ्या कामात उशीर झाला, तर पेशीचं पटल फाटतं आणि एचएमजीबी1 हे केंद्रकातलं प्रथिन, डीएनए असा ऐवज ऊतींत सांडतो. त्याविरुद्धच अँटीबॉडी तयार होऊ शकतात. कॉम्प्लिमेंटचं सी1क्यू हे प्रथिन जंतूंसाठी आहे असं आपण शिकतो. पण ते जन्मतः नसलेल्या बहुतेकांना ल्युपस हा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा प्रतिकारशक्तीचा रोग होतो, कारण मेलेल्या पेशी उचलायलाही ते लागतं. धमनीच्या भिंतीत साचणाऱ्या चरबीच्या थराचा, म्हणजे प्लाकचा मऊ, मृत गाभाही बराचसा न उचललेल्या पेशींचाच असतो.

या दोन वाटांमधल्या फरकाचा फायदा लीशमॅनिया हा काळा आजाराचा परजीवी उठवतो. त्याच्या काही प्रजाती फॉस्फॅटिडिलसेरीन अंगावर दाखवून मेलेल्या पेशीचं सोंग घेतात. मॅक्रोफेज त्यांना शांतपणे आत घेते, घंटा पुरती वाजत नाही, आणि परजीवी तिच्याच पोटात वाढत राहतो.