एंडोथेलिन प्रणाली आणि रक्तवाहिन्यांचे कॅल्सीभवन

एंडोथेलिन-१ : रोहिण्यांच्या आतील अस्तरातील पेशी स्रवतात ते २१ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या ज्ञात द्रव्यांत ते अत्यंत प्रभावी मानले जाते. यानागिसावा, मासाकी व सहकाऱ्यांनी जपानमध्ये डुकराच्या महारोहिणीतील पेशींच्या संवर्धनातून ते वेगळे केले (१९८८). मानवात ३८ ॲमिनो अम्लांचे पूर्वरूप २१ व २२ या स्थानांदरम्यान तुटून ते तयार होते. त्याचे ग्राही (पेशीवरील संदेश पकडणारी प्रथिने) दोन : स्नायुपेशींवरील ‘ए’ मुख्यतः आकुंचन घडवतो, अस्तरावरील ‘बी’ नायट्रिक ऑक्साइड मुक्त करतो व रक्तातील एंडोथेलिन काढून टाकतो.

मधुमेह व दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात रोहिणीच्या मधल्या थरात कॅल्शियम फॉस्फेट साचते; हेच कॅल्सीभवन. हा केवळ निक्षेप नव्हे. अरेखित स्नायुपेशी आकुंचनक्षम रूप सोडून अस्थिजनक गुण धारण करतात. रन्क्स-२ (हाडाची जनुके चालू करणारे प्रथिन) व अल्कलाइन फॉस्फेटेज (फॉस्फेट सोडवणारे एंझाइम) वाढतात, तर मॅट्रिक्स ग्ला प्रथिनासारखे कॅल्सीभवनाचे रोधक दुबळे पडतात. एंडोथेलिन हे रूपांतर पुढे रेटत असावे, असे प्राणिप्रयोग सुचवतात. उंदरांना वॉरफरिन व जीवनसत्त्व के एकत्र दिल्यास महारोहिणीत कॅल्शियम साचते (रक्त गोठू न देणारे वॉरफरिन मॅट्रिक्स ग्ला प्रथिन निकामी करते; जीवनसत्त्व रक्तस्राव टाळण्यापुरते); ‘ए’ ग्राहीरोधक डारुसेंटानने ते रोखले गेले, काही अंशी मागेही फिरले.

डारुसेंटानचा हा परिणाम थेट की रक्तदाब उतरल्यामुळे, हा वाद आहे. पेशींच्या संवर्धनात दाबाचा प्रश्नच नसतो आणि तेथेही एंडोथेलिनने कॅल्शियम वाढल्याचे दिसते. म्हणून थेट परिणामाची बाजू अधिक पटण्याजोगी वाटते. मात्र संवर्धनाचे पुरावे जपून वाचावे लागतात. सामान्यतः फॉस्फेटच्या पुरवठ्यासाठी १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालून पेशी एक ते दोन आठवडे वाढवतात, माध्यम दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. या संयुगातला फॉस्फेट अल्कलाइन फॉस्फेटेजमुळेच सुटतो. त्यामुळे एंडोथेलिनने हे एंझाइम नुसते वाढवले तरी पेशी अस्थिजनक झाल्याचा भास होतो. थेट अकार्बनी फॉस्फेट वापरला, तर सुमारे ३ मिलिमोलरच्या पुढे माध्यमातच खडे पडू लागतात. पेशीविरहित व मृतपेशींचे नियंत्रण-नमुने म्हणूनच आवश्यक. कॅल्शियम ०.६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अम्लात २४ तास विरघळवून मोजतात व ते प्रथिनांच्या प्रमाणात मांडतात. पेशी मेल्या-सुटल्या असतील तर हा भागाकार फसवा ठरतो. साचलेले द्रव्य रंगवून दाखवणारी फॉन कोसा पद्धत फॉस्फेट दाखवते, कॅल्शियम नव्हे. कॅल्शियमसाठी ॲलिझरीन रेड हे रंगद्रव्य.

एंडोथेलिनच्या रक्तातील पातळीवरून रोहिणीच्या भित्तीतील क्रियेचा अंदाज बांधणे धोक्याचे. ते बहुतांशी स्नायूच्या बाजूला स्रवते आणि रक्तात काही मिनिटेच टिकते. शिवाय ‘बी’ ग्राही रोखला की रक्तातून त्याचा निचरा मंदावून पातळी वाढते. अशी वाढ स्रवण वाढल्याची खूण समजू नये.

बोसेंटान (दोन्ही ग्राही रोखणारे) व अँब्रिसेंटान (‘ए’ रोखणारे) ही औषधे फुप्फुसरोहिणीच्या उच्च रक्तदाबावर दिली जातात, कॅल्सीभवनावर नव्हे. अंगात पाणी साठणे हा नेहमीचा त्रास. गर्भारपणात ती वर्ज्य आहेत.