विद्युत वाहनांच्या भागांची पुनर्निर्मिती आणि पुनर्चक्रण : नाशिक

बिघडलेला किंवा क्षमता घटलेला भाग पूर्ण उलगडून, धुऊन, मापून, झिजलेले तुकडे बदलून पुन्हा बांधणे आणि त्याला नव्याच्या कसोटीला उतरवणे म्हणजे पुनर्निर्मिती. तोच भाग कायमचा मोडून त्यातला धातू, प्लास्टिक किंवा रसायन वेगळे काढणे म्हणजे पुनर्चक्रण. कारखान्यातले लोक पहिल्याला ‘रिकंडिशन’ किंवा ‘ओव्हरहॉल’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘रिसायकलिंग’. दुरुस्ती या दोन्हींहून वेगळी. तिच्यात दिसलेला बिघाड काढतात. पुनर्निर्मितीत अख्ख्या भागाची हमी नव्याने घ्यावी लागते.

नाशिकला हे काम परके नाही. ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची सुरुवात १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी झाली. पुढे तिथे सुखोई-३० एमकेआय बांधली गेली आणि त्यांचे ओव्हरहॉलही होऊ लागले. विमान सुट्या भागांपर्यंत उलगडायचे, प्रत्येक भाग तपासून त्याची नोंद ठेवायची, मगच जोडणी करायची, ही शिस्त जिल्ह्यात त्यामुळे रुजली. सातपूरला बॉशचा कारखाना डिझेलचे इंजेक्टर आणि नॉझल बनवतो. जुन्या नाशिककरांसाठी तो आजही ‘मायको’च आहे, त्र्यंबक रस्त्यावरचे मायको सर्कल त्याच नावाचे. सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजणारे हात तयार झाले ते अशा कामांमुळे. विजेच्या गाडीत इंजेक्टर नसतो, इंधनाचा पंप नसतो. त्यामुळे या हातांना पुढे काय काम, हा नाशिकसाठी कळीचा प्रश्न आहे, आणि पुनर्निर्मिती हे त्याचे सर्वांत जवळचे उत्तर आहे. धुणे, मापणे, जोडणे आणि टेस्ट बेंचवर तपासणे ही कौशल्ये इंधन बदलले तरी तीच राहतात.

वाहनातला सर्वांत महाग भाग म्हणजे बॅटरी. अनेक लहान सेल जोडून तिचा पॅक बनतो. पॅक नापास झाला म्हणून त्यातले सगळे सेल मेलेले नसतात. मालिकेत जोडलेल्या गटांपैकी एकच गट कमजोर पडला, तरी बॅटरीवर देखरेख ठेवणारे सर्किट, म्हणजे बीएमएस, अख्खा पॅक बंद करते. अशा वेळी पॅक उघडून प्रत्येक गटाची क्षमता, अंतर्गत रोध आणि नुसते ठेवल्यावर होणारी प्रभाराची गळती मोजावी लागते. क्षमता मोजण्यासाठी सेल पूर्ण भरून पूर्ण रिकामा करावा लागतो, त्यात तास जातात. घाई करून जुन्या मालिकेत नवे सेल घालणे ही या धंद्यातली घातक चूक आहे : कमी क्षमतेचा सेल आधी रिकामा होतो, त्याचा व्होल्टेज उलटा होतो आणि तो तापतो. पॅक उघडणे दिवसेंदिवस अवघडही होत आहे. सेल लेझरने जोडलेले, पोकळ्या फोमने किंवा गोंदाने भरलेल्या, बीएमएस सॉफ्टवेअरने कुलूपबंद. बनवणारी कंपनी माहिती देणार नसेल, तर कुशल कारागीरही तिथेच अडतो.

साधारण ७० ते ८० टक्के क्षमता उरली की बॅटरी गाडीसाठी निवृत्त मानतात, पण एका जागी बसून ती बरीच वर्षे काम देऊ शकते. लोह-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी रसायनाचे सेल या दुसऱ्या आयुष्यासाठी विशेष योग्य. त्यांत कोबाल्ट आणि निकेल नसल्यामुळे भंगार म्हणून त्यांची किंमत कमी येते, आणि ते टिकतातही जास्त. निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांची प्रीकूलिंग केंद्रे आणि शीतगृहे आहेत म्हणून तिथे जुन्या बॅटऱ्या लावाव्यात, ही कल्पना लगेच सुचते. पण हिशेब करून पाहावा. ३ युनिट साठवणाऱ्या स्कूटरच्या १० बॅटऱ्या ७० टक्क्यांवर आल्या, तर त्यांत मिळून २१ युनिट मावतात. १० किलोवॉटचा कॉम्प्रेसर त्यावर जेमतेम दोन तास चालेल. शिवाय द्राक्षाचा हंगाम मुख्यतः जानेवारी ते एप्रिल, आणि बाकीचे महिने पडून राहिलेली बॅटरी खर्च भरून काढत नाही. रोज वीज जाणारे दुकान, दवाखाना किंवा सौरपॅनेल बसवलेले घर हे तिचे खरे गिऱ्हाईक. नव्या सेलच्या किमती उतरत असल्याने तपासणीची मजुरी वाचवणे हाही या धंद्याच्या जगण्याचा प्रश्न आहे.

मोटारीचे काम मात्र आजच्या आज करण्याजोगे आहे. स्कूटरच्या चाकातली हब मोटार बिघडते ती बहुधा बेअरिंग, चुंबकाची जागा ओळखणारा हॉल सेन्सर किंवा आत शिरलेल्या पाण्यामुळे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात हे शेवटचे कारण विसरून चालणार नाही. पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या गावोगावच्या कारागिराला तांब्याच्या तारेचे काम शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते चुंबकापासून बोटे सांभाळायला आणि सेन्सरची जागा बिनचूक पकडायला. कारच्या मोटारींमधली पट्टीसारख्या जाड तांब्याची, वाकवून वेल्ड केलेली गुंडाळी मात्र हाताने पुन्हा बांधणे जवळपास अशक्य आहे.

चुंबक निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे असतात. उष्णतेत टिकावेत म्हणून काहींत डिस्प्रोसियमही घालतात. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये (डिस्प्रोसियम त्यांतलेच) आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, आणि भारतातल्या वाहन उद्योगाची धावपळ उडाली. तेव्हापासून मोडीत निघालेल्या मोटारीकडे केवळ तांब्याच्या भावाने पाहणे परवडणारे राहिलेले नाही.

मोटारीला जाणारी वीज सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये बहुतेकदा पॉवर ट्रान्झिस्टर किंवा कपॅसिटर जातात. ते बदलता येतात, पण सर्किटवर ओतलेले रेझिन आधी काढावे लागते.

पुनर्चक्रणात बॅटरीचा उरलेला प्रभार काढून ती चिरडतात आणि तांबे, ॲल्युमिनियम व प्लास्टिक वेगळे करतात. मागे काळी पूड राहते. तिला ‘ब्लॅक मास’ म्हणतात. आम्लात विरघळवून तिच्यातून निकेल, कोबाल्ट आणि लिथियमचे क्षार मिळवता येतात. दुसऱ्या पद्धतीत सगळे भट्टीत वितळवतात, पण त्यात लिथियम धातुमळीत, म्हणजे स्लॅगमध्ये, जाते. सेलमधल्या विद्युत-अपघटनी द्रवातला (इलेक्ट्रोलाइटमधला) क्षार ओलाव्याशी भिडला की हायड्रोजन फ्लोराइड हा अतिविषारी वायू सुटतो, त्यामुळे हे काम उघड्यावर हातोड्याने करण्याचे नाही. आम्लाच्या प्रक्रियेतून दूषित पाणीही निघते. गोदावरीचा उगम ज्या जिल्ह्यात आहे आणि ज्याची शेती त्या पाण्यावर आहे, तिथे असा कारखाना शुद्धीकरणाच्या कडक व्यवस्थेशिवाय येऊ नये. त्यापेक्षा संकलन, तपासणी, उलगडणी आणि पुनर्निर्मिती इथे व्हावी आणि काळी पूड परवानाधारक मोठ्या कारखान्याकडे जावी, हा मार्ग नाशिकला अधिक मानवणारा आहे.

कायद्याची चौकट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घातली. त्यांनुसार बॅटरी जमिनीत पुरण्यास किंवा जाळण्यास मनाई आहे आणि जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर आहे. विद्युत वाहनांच्या बॅटरीतून पदार्थ परत मिळवण्याचे लक्ष्य २०२४-२५ साठी ७० टक्के, २०२५-२६ साठी ८० आणि २०२६-२७ पासून ९० टक्के आहे. २०२७-२८ पासून नव्या बॅटरीत किमान ५ टक्के पुनर्चक्रित साहित्य असावे लागेल; २०३०-३१ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर जाईल. बॅटरी नीट करून पुन्हा वापरात आणणाऱ्यालाही हे नियम मान्यता देतात. त्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. अशा वेळी उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते, संपत नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजनाही मंजूर केली.

कच्चा माल कुठून येणार, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात नाशिकचा समावेश लक्ष्य ठरवलेल्या सहा शहरांमध्ये होता, पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या अजून तरुण आहेत. सुरुवातीला हाती येईल तो वॉरंटीत परत आलेला, अपघातात सापडलेला आणि उत्पादनात नापास झालेला माल. जुन्या ई-रिक्षांच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या कबाड्याच्या साखळीतून आजही परत येतात, कारण शिशाला रोख भाव मिळतो. बेकायदा भट्ट्यांत ते वितळवल्याने होणारी विषबाधा ही त्याच साखळीची काळी बाजू.

अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला, तरी तिथला व्यवहार संपला नाही. लिथियमची बॅटरी आधी पोहोचते ती याच व्यापाऱ्यांच्या हाती. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्ये कंटेनरमध्ये चढवलेल्या २० विजेच्या स्कूटर जळाल्या. त्या कोऱ्या होत्या. दबलेल्या, भिजलेल्या, चेपलेल्या सेलची जोखीम त्याहून मोठी. म्हणून प्रशिक्षण सुरू करायचे तर या दुकानांपासून : फुगलेला सेल ओळखणे, टर्मिनलवर टेप लावणे, माल पत्र्याच्या डब्यात वाळू घालून इतर भंगारापासून दूर ठेवणे.