पुन्हा पुन्हा वाचलं की पक्कं होतं?

धडा जितक्या वेळा वाचाल तितका पक्का, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो खरा नाही, आणि त्यापायी मुलांचे कितीतरी तास वाया जातात याचं वाईट वाटतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र लिहिणाऱ्यांना बरंच जास्त आठवलं. वाचून वाचून मजकूर ओळखीचा वाटतो, आणि तो आपल्याला येतोय असा भास होतो. पानभर ओळी रंगवल्यानेही तेच होतं. त्यापेक्षा पुस्तक मिटा, मुख्य मुद्दे लिहा, जे अडलं तेवढंच उघडून पाहा. दोन दिवसांनी पुन्हा तसंच.