काचेवर सारवलेल्या पेशी

वैशाखात पुण्यात रुमाल पिळून दोरीवर टाकला की चहा होईपर्यंत सुकतो. टिळक रोडजवळच्या एका लॅबमधली माझी पॅथॉलॉजिस्ट मैत्रीण या हवेच्या नावानं बोटं मोडते. गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी काचपट्टीवर पसरल्या की पट्टी लागलीच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. सिस्टर नाव लिहीत बसल्या तर तेवढ्यात पेशी वाळतात, केंद्रकं फुगून पुसट होतात. आणि कर्करोगाची चाहूल लागते ती केंद्रकातच.

ही जुनी पॅप टेस्ट. चपट्या लाकडी काडीनं पेशी खरवडायच्या, काचेवर सारवायच्या. बऱ्याचशा पेशी काडीलाच चिकटून कचऱ्यात जातात, ते वेगळंच. लिक्विड पद्धतीला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात ब्रश थेट द्रवाच्या कुपीत खळबळतात. पुढे यंत्र रक्त, चिकट स्राव बाजूला करून पेशींचा पातळ थर काचेवर उमटवतं.

मैत्रिणीनं दोन्ही पट्ट्या दाखवल्या. एकीवर घाईत सारवलेल्या अंगणासारखे फराटे. कुठे गठ्ठा, कुठे कोरडं, मध्येच रक्ताचा पडदा. दुसरीवर रुपयाच्या नाण्याएवढा गोल, आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळसर-गुलाबी पेशी मोकळ्या भातासारख्या सुट्या. पट्टी वाचण्याजोगी ठरायला जुन्या पद्धतीत निदान ८,००० पेशी लागतात, नवीत ५,००० पुरतात.

मग नव्या पद्धतीत रोग जास्त सापडतो? नाही. नेदरलँड्समध्ये सुमारे ९०,००० स्त्रियांच्या चाचणीत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. फायदा दुसरीकडे आहे. 'नमुना नीट आला नाही, पुन्हा या' हा निरोप कमी जणींना जातो. हडपसरहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली बाई पुन्हा येईलच असं नाही. शिवाय कुपीत उरलेल्या द्रवावर एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची, तपासणी करता येते. माझ्या मते खरं मोल तिचंच. आपल्याच धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. नुसत्या पेशी तपासलेल्या गटात तशी ठळक घट दिसली नाही.

कुपी महाग पडते, त्यामुळे छोट्या दवाखान्यांतून अजून जुन्याच पट्ट्या येतात. मैत्रीण त्याही वाचते. फक्त होळी झाली की सगळीकडे फोन फिरवते: पेशंटचं नाव आधी लिहा, काडी मग हातात घ्या.