आधी उच्चारावर, मग नियमांवर : अमेरिकी उपनगरातील लॅटिनो बापाच्या विनोदाची पार्श्वभूमी

उपनगर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बोरिवलीची किंवा ठाण्याची गच्च भरलेली लोकल येते. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ वेगळा : शहराबाहेरची शांत वसाहत, घरापुढे कापलेले गवत आणि त्या गवताच्या उंचीवर शेजाऱ्यांची बारीक नजर. अंगणात 'कार्ने असादा' (निखाऱ्यावरचे मांस) भाजणारा, मुलांवर स्पॅनिशमध्ये खेकसल्यावर इंग्रजीत उत्तर आले की गप्प होणारा लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा, बाप हे आज तिथल्या विनोदातले ओळखीचे पात्र आहे. मात्र त्याच्यावर हसण्याआधी त्याला त्या वसाहतीत घर मिळायला हवे होते, आणि ते सहजासहजी मिळालेले नाही.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९४३ मध्ये अलेक्स बर्नाल या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी गृहस्थाने घर विकत घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला घराबाहेर काढण्यासाठी न्यायालय गाठले. वसाहतीतल्या घरांच्या दस्तांत मेक्सिकनांना मज्जाव करणारे कलम होते. न्यायालयाने निकाल बर्नाल कुटुंबाच्या बाजूने दिला. अशा कलमांची अंमलबजावणी न्यायालयांना करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवले, तरी घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वंशावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा राष्ट्रीय कायदा येण्यास १९६८ साल उजाडावे लागले.

विशेष म्हणजे, दूरचित्रवाणीवरचा लॅटिनो बाप या कायद्याच्या अकरा वर्षे आधीच उपनगरात राहायला गेला होता. 'आय लव्ह लूसी' ही मालिका ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली. तिच्यातील क्यूबन बँडमास्तर रिकी रिकार्डो साकारणारा देसी आर्नाझ स्वतः क्यूबातील सान्तियागोचा. १९३३ च्या क्रांतीनंतर त्याच्या कुटुंबाला देश सोडून मायामी गाठावे लागले होते. गोऱ्या अमेरिकी स्त्रीचा क्यूबन नवरा प्रेक्षकांना पटणार नाही, अशी शंका वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी काढली होती. वास्तविक रिकीची बायको लूसी साकारणारी लूसिल बॉल आणि आर्नाझ हे खरेखुरे पतिपत्नी होते. तेव्हा त्या दोघांनी १९५० मध्ये गावोगावी रंगमंचीय कार्यक्रम करून प्रेक्षक हसतात हे दाखवून दिले. रिकीच्या उच्चारांवर विनोद भरपूर होत, पण लेखकांना लवकरच एक गोष्ट उमगली : त्याच्या इंग्रजीची टर लूसीने उडवली तर लोक हसत, इतर कोणी उडवली तर हसत नसत. घरातल्या माणसाने केलेली थट्टा आणि परक्याने केलेली थट्टा यांतला हा फरक या साऱ्या इतिहासात पुन्हा पुन्हा कामी आला आहे.

१९५७ च्या जानेवारीत रिकार्डो कुटुंब न्यूयॉर्कमधील बिऱ्हाड सोडून कनेक्टिकटमधील वेस्टपोर्टला गेले. तिथे त्यांनी कोंबड्या पाळल्या. एका भागात लूसीने ब्लाउजमध्ये अंडी दडवलेली असतात आणि नेमका त्याच वेळी रिकी तिच्यासोबत टँगो नृत्याची तालीम करायला उभा राहतो. शेवटच्या गिरकीत दोघे एकमेकांवर आदळतात आणि प्रेक्षागृहातले हसू मिनिटभर थांबत नाही. त्या दृश्यात रिकी क्यूबन आहे याला काहीच महत्त्व उरत नाही. तो फक्त आपल्या बायकोने काय लपवले आहे हे माहीत नसलेला नवरा असतो.

एवढ्या सुरुवातीनंतर मोठी पोकळी आली. १९६० च्या दशकात जाहिरातींतले मिशाळ दरोडेखोर पुष्कळ होते, बाप मात्र नव्हता. तो परतला मायामीत. १९७७ ते १९८० या काळात सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आलेल्या 'के पासा, यूएसए?' या मालिकेत पेन्या कुटुंबाच्या तीन पिढ्या एका घरात नांदतात. आजी-आजोबा स्पॅनिश सोडत नाहीत, नातवंडे इंग्रजीकडे धावतात आणि मधला बाप दोन्ही भाषांत अडखळतो. संवादांखाली भाषांतर नसे, त्यामुळे निम्मे विनोद केवळ दोन्ही भाषा जाणणाऱ्यांसाठीच होते. मुलीने सोबतीला कोणी वडीलधारे न घेता बाहेर जावे की नाही, यावरून घरात उठणारे वादळ आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. इथे हशा बापाच्या उच्चारावरून सरकून त्याच्या नियमांवर आला.

पुढचा टप्पा संख्येने घडवला. २००० च्या जनगणनेत लॅटिनोंची संख्या ३ कोटी ५३ लाख भरली (२०२० मध्ये ती ६ कोटी २१ लाख झाली), आणि मोठ्या महानगर प्रदेशांतील निम्म्याहून अधिक लॅटिनो तोवर उपनगरांत राहू लागले होते. त्याच वर्षी वृत्तपत्रांत 'बाल्डो' ही चित्रमालिका सुरू झाली : विधुर बाप, पौगंडावस्थेतला मुलगा, धाकटी हुशार मुलगी आणि घरगुती औषधांवर अढळ श्रद्धा असलेली वयस्कर नातेवाईक स्त्री. मार्च २००२ मध्ये एबीसी वाहिनीवर 'जॉर्ज लोपेझ' ही विनोदी मालिका आली आणि १२० भाग चालली. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मजुराचा व्यवस्थापक झालेला हा बाप, आपण काय खस्ता खाल्ल्या याची उजळणी मुलांपुढे अखंड करतो आणि मुले ती अखंड ऐकून न ऐकल्यासारखी करतात. ही भूमिका करणाऱ्या विनोदवीर जॉर्ज लोपेझला खऱ्या आयुष्यात बाप सोडून गेला होता, आजीने वाढवले होते. त्यामुळे बाप कसा असतो हे पाहिलेले नसताना बाप होणे, हा त्याच्या विनोदाचा गाभा ठरला. माझ्या मते या परंपरेतले सर्वांत अस्सल काम हेच आहे, कारण इथे थट्टा करणारा आणि थट्टा होणारा एकच आहे.

या विनोदाचे साहित्य अगदी साधे असते. कोणत्याही दुखण्यावर चोळले जाणारे विक्स, ज्याला लॅटिनो घरांत प्रेमाने 'विवापोरू' म्हणतात. डॅनिश बिस्किटांचा निळा गोल डबा, जो उघडल्यावर सुई-दोरा निघतो. पिशव्यांनी भरलेली पिशवी. यातले काय आपल्या घरात नाही, हे वाचकाने आपापले कपाट उघडून पाहावे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एनबीसी वाहिनीवर सुरू झालेल्या 'लोपेझ व्हर्सेस लोपेझ' या मालिकेत जॉर्ज लोपेझसोबत त्याची खरी मुलगी मायान होती. दोघांमधला प्रत्यक्षातला दुरावा हाच मालिकेचा विषय झाला आणि बापाच्या चुकांची यादी वाचण्याचा मान मुलीकडे गेला. कथेत बापाचे पैसे संपलेले असतात, म्हणून तो मुलीच्या घरी राहायला येतो. घर तिचे, गोरा जोडीदार तिचा, स्वयंपाकघरातले नियमही तिचेच.