न्यू जर्सीत माणसं उतरली कशी, थांबली का

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात माणसं उतरली कशी आणि थांबली का, याचं निम्मं उत्तर नकाशातच आहे. पूर्वेला हडसन आणि अटलांटिक, पश्चिमेला डेलावेअर नदी. उत्तरेची थोडी जमीन सोडली तर चहूबाजूंनी पाणी. शेजारी एकीकडे न्यूयॉर्क, दुसरीकडे फिलाडेल्फिया. आकार पुणे आणि कोल्हापूर हे दोन जिल्हे मिळून होईल त्याहून थोडा कमीच.

ही भूमी मूळची लेनापी या आदिवासी लोकांची. डच आले, १६३८ पासून डेलावेअरकाठी स्वीडिश आले, १६६४ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला आणि इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाचं नाव दिलं. पुढे दोन नद्या जोडणारा ४४ मैलांचा डेलावेअर-रॅरिटन कालवा खोदला तो मुख्यतः आयरिश मजुरांनी, कुदळ-फावड्यानं. १८३२ च्या कॉलऱ्यात त्यांतले कितीतरी दगावले. कालवा १८३४ मध्ये सुरू झाला.

बोटीनं येणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी जिथं होई, त्या एलिस बेटाला सगळे न्यूयॉर्कचं समजतात. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे सव्वा कोटी लोक तिथून देशात शिरले. मूळ बेट जेमतेम सव्वातीन एकरांचं; भराव घालून ते साडेसत्तावीस एकरांचं झालं. दोन राज्यांमधल्या १८३४ च्या करारानुसार बेट न्यूयॉर्कचं, पण भोवतालचा पाण्याखालचा तळ न्यू जर्सीचा. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये भरावाची जमीन न्यू जर्सीला दिली. शिवाय न्यूयॉर्क शहरात न थांबणाऱ्यांना बोटी जर्सीच्याच किनाऱ्यावरच्या रेल्वे स्थानकांत आणून सोडत. आगगाडीचं तिकीट बेटावरच मिळे.

थांबायचं कारण म्हणजे काम. पॅटरसन गावात पसेइक नदी ७७ फुटांवरून कोसळते. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या पुढाकारानं १७९१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीनं ते पाणी पाटांनी गिरण्यांपर्यंत नेलं. पुढे तिथं रेशीम आलं. इंग्लंडमधले विणकर आले, इटालियन रंगारी आले, पोलंडमधले ज्यू आणि सीरियाचे अरब आले. १९१३ मध्ये मालकांनी एका विणकराकडे दोनाऐवजी चार माग द्यायला सुरुवात केली आणि संप पेटला. आठ तासांचा दिवस ही मोठी मागणी होती. जवळपास पाच महिने हजारो कामगार बाहेर राहिले, तरी हरले. कारण मालकांच्या पेनसिल्व्हेनियातल्या गिरण्या चालूच होत्या. तिथं खाणकामगारांच्या बायका-मुली कमी मजुरीत माग चालवत. पुढे रेशीम गेलं, पण स्वस्त घरं राहिली. त्या घरांत पेरू आणि बांगलादेशातली कुटुंबं आली. नेवार्क शहरातल्या आयर्नबाउंड वस्तीत पोर्तुगीज आणि युनियन सिटीत क्यूबन स्थिरावले तेही साधारण असेच.

अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्या भारतीयांसाठी १९४६ पासून वर्षाला फक्त १०० जागा होत्या. १९६५ च्या कायद्यानं देशवार कोटा मोडला आणि डॉक्टर, इंजिनियर, औषधशास्त्रज्ञ येऊ लागले. औषध कंपन्या आणि टेलिफोन कंपनीची संशोधनशाळा बेल लॅब्स याच राज्यात होत्या. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या रेल्वेमार्गावर मेट्रोपार्क स्थानक उघडलं आणि एडिसन-आयसेलिन ही गावं रोज ये-जा करणाऱ्यांच्या सोयीची झाली. तिथल्या ओक ट्री रोडवर रिकाम्या गाळ्यांत किराणा, साड्या, सोनं आलं. हे सुखासुखी झालं नाही. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावानं भारतीयांविरुद्ध धमकीची पत्रं निघाली. डॉट म्हणजे कपाळावरची टिकली. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये मारहाणीत एका भारतीयाचा जीव गेला.

आज राज्यातल्या दर चार-पाच माणसांत एक परदेशात जन्मलेला आहे. आपल्यापैकी कितीतरी घरं तिथली. ‘मराठी विश्व’ ही संस्था याच राज्यातली, आणि मुलांच्या मराठी शाळा सुट्टीच्या दिवशी भरतात.