परदेशी जायचं म्हणून बोर्ड बदलू नका

घोडबंदर रोड असो की खारघर, परदेशातली नोकरी ठरली की एक सल्ला हमखास मिळतो: "मुलांना आधी एसएससीतून काढून आंतरराष्ट्रीय शाळेत घाला, नाहीतर तिकडे प्रवेश मिळत नाही." हे खरं नाही. त्यापायी आईवडील भरमसाट फी भरतात, याचं फार वाईट वाटतं.

अमेरिकेत सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून मिळते, एच-४ व्हिसावरच्या (म्हणजे आईवडील नोकरीच्या व्हिसावर असलेल्या) मुलांनाही बारावीपर्यंत मोफत. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद मागतात. ही नोंद मात्र निघण्याआधीच डॉक्टरांकडून इंग्रजीत घ्या. मूल मराठी माध्यमातलं असलं, तरी शाळेला त्याला इंग्रजीसाठी मदत द्यावीच लागते. १९७४ सालच्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे. इंग्लंडमध्ये इयत्ता वयावरून ठरते, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या हिशेबाने.

बोर्डापेक्षा वय पाहा. इंग्लंडमधला जीसीएसईचा, म्हणजे तिकडच्या दहावीसारख्या परीक्षेचा अभ्यास साधारण दोन वर्षांचा, १४ ते १६ या वयात. तो अर्ध्यावर आला असताना पोचलेल्या मुलाला विषय जुळवणं खरोखर जड जातं. निघायची तारीख आपल्या हातात असेल, तर सातवी-आठवीतच निघा.